वृत्राने अडवलेलं पाणी, फाफ्निरचं सोनं आणि आईचे रोखे

वेताळटेकडी

बाबांना जाऊन सात महिने झाले. परवा आईने पहिल्यांदा त्यांचं कपाट उघडू दिलं. वरच्या खणात शर्टांच्या घड्यांखाली, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत मुदतठेवींच्या पावत्या निघाल्या. रबर इतकी वर्षं तसंच राहून कागदाला चिकटलं होतं. ओढलं तर पावतीचा वरचा थर घेऊनच सुटलं. त्यातल्या चार पावत्यांची मुदत कधीच उलटून गेलेली. पैसे कुठे गेलेले नाहीत, पण मुदत संपूनही न उचललेल्या ठेवीला २०२१ पासून बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर, यातला जो कमी तोच मिळतो. म्हणजे इतकी वर्षं ती रक्कम नुसती पडून.

त्याच आठवड्यात सहावीतल्या लेकीला शाळेने प्रकल्प दिला, ‘जगभरातल्या ड्रॅगनच्या गोष्टी’. रात्री जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला पावत्या, दुसऱ्या बाजूला तिचे कार्डशीट. हिशोब करायचा, मग तिला गोष्ट वाचून दाखवायची, पुन्हा हिशोब. चार रात्रींनंतर वाटायला लागलं की दोन्हीकडे आपण एकच गोष्ट वाचतोय. ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

माझी आजी कसब्यातल्या वाड्यात वाढली. माजघराच्या कोपऱ्यात धनाचा हंडा पुरलाय आणि त्यावर राखणदार नाग बसलाय, असं ती सांगायची. तो नाग मुळात नाग नव्हताच. घराण्यातलाच कुणीतरी पूर्वज, पैशात जीव अडकून मेला आणि हंड्यावर वेटोळं घालून बसला. तो ते धन खर्चत नाही, कुणाला देत नाही, त्याच्या स्वतःच्याही ते उपयोगाचं नाही. आपल्याकडे बहुतेकांनी ही गोष्ट कुणा ना कुणा म्हातारीच्या तोंडून ऐकली असेल.

आता आइसलंडमध्ये लिहून ठेवलेली फाफ्निरची गोष्ट बघा. ह्रेइदमारचे तीन मुलगे, ओटर, फाफ्निर आणि रेगिन. ओटर पाणमांजराचं रूप घेऊन धबधब्याशी मासा खात बसला होता, तेव्हा लोकी देवाने त्याला दगड मारून ठार केलं. बापाने भरपाई मागितली. मुलाचं कातडं आतून सोन्याने भरायचं आणि बाहेरूनही सोन्याने पूर्ण झाकायचं. लोकीने आंद्वारी नावाच्या बुटक्याचं सगळं सोनं हिसकावून आणलं आणि आंद्वारीने त्या सोन्याला शाप दिला. कातडं झाकून झाल्यावर बाप वाकून बारकाईने बघतो, तर मिशीचा एक केस अजून उघडा! तो झाकायला शेवटची अंगठीही द्यावी लागली, तेव्हा कुठे कर्ज फिटलं. पुढे फाफ्निरने बापाचा जीव घेतला, सोनं माळावर नेलं, त्यावर पडून राहिला आणि पडून पडून ड्रॅगन झाला. माणूसच, आमच्या आजीच्या नागासारखा.

मला त्या मिशीच्या केसाने धरून ठेवलंय. कर्ज फिटलं कधी म्हणायचं? शेवटचा केस झाकला गेला तेव्हा. रोख्याचं अगदी तसंच आहे. रोखा म्हणजे आपण सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाची चिठ्ठी. तिच्यावर दर्शनी किंमत असते, ठरलेलं व्याज असतं, ज्याला कूपन म्हणतात, आणि मुद्दल परत द्यायची तारीख असते. कूपनचा एक हप्ता जरी चुकला तरी देणेकरी चुकला असंच धरतात.

माझ्या मनातलं सूत्र असं. जुन्या गोष्टींतला ड्रॅगन लोकांना खातो ही दुय्यम बाब आहे. तो अडवून बसतो ही मुख्य. पाणी अडवतो, सोनं अडवतो, वाट अडवतो. पैसा पडून राहतो तेव्हा त्याच्यावरही असंच काहीतरी बसलेलं असतं, बाबांच्या बाबतीत बहुधा भीती. रोखा हा तो पैसा वाहता करण्याचा एक मार्ग आहे, आणि त्या मार्गावरही वेगळे ड्रॅगन आहेत. आईला महिन्याच्या खर्चाला पैसे हवेत आणि तिची झोप उडायला नको. जाणकारांनी दोन्ही बाजूंनी लिहावं, गोष्टींच्या आणि रोख्यांच्या. चुकलं असेल तिथे सरळ सांगा.

अनुष्टुप

ताई, तुमचं सूत्र आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या पुराव्यावर उभं राहतं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ३२वं सूक्त संपूर्ण इंद्र-वृत्र युद्धाचं आहे. पहिल्याच ऋचेत सगळी कथा येते: ‘अहन्नहिमन्वपस्ततर्द’, त्याने अहीला, म्हणजे सापाला मारलं आणि पाण्याला वाट फोडून दिली. वृत्र हा शब्द ‘वृ’ धातूचा, झाकणे, अडवणे. त्याच्या नावातच त्याचं काम आहे.

मी इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. मला या सूक्तात सगळ्यात जिवंत वाटते ती दुसऱ्या ऋचेतली उपमा. पाणी सुटल्यावर कसं धावलं, तर ‘वाश्रा इव धेनवः’, हंबरत वासरांकडे निघालेल्या गाईंसारखं, थेट समुद्राकडे. संध्याकाळी गोठ्याकडे परतणाऱ्या गाई ज्याने पाहिल्यात त्याला तो आवाजसुद्धा ऐकू येईल. अकराव्या ऋचेत पाणी कसं कोंडलं होतं तेही सांगितलंय, ‘पणिनेव गावः’, पणींनी गाई कोंडाव्यात तसं. पणी म्हणजे वेदातले कंजूष, संपत्ती असून देवालाही न देणारे. साठवून बसणारा आणि पाणी अडवणारा सर्प यांची तुलना आपल्या कवीने स्वतःच करून ठेवली आहे, तुम्ही काही ओढूनताणून जोडलेलं नाही.

शब्दाचंही सांगतो. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, थ्रएतओनाने तीन तोंडांच्या अझि दहाक या सर्पाला मारलं, तिथलं क्रियापद आणि कर्म ‘जनत् अझीम्’. आपलं ‘अहन् अहिम्’. धातू तोच, नाम तेच. दोन्ही भाषा एकत्र होत्या तेव्हापासून हे दोन शब्द जोडीने चालत आलेत. हाच अझि दहाक पुढे इराणी कथेत झह्हाक झाला. खांद्यांवर दोन साप, त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू. आणि थ्रएतओनाचा झाला फरीदून; या नंतरच्या कथेत त्याने झह्हाकाला मारलं नाही, दमावंद पर्वतात जखडून ठेवलं.

नळस्टॉप

बँकेच्या ट्रेझरीत एकोणीस वर्षं रोख्यांच्या खरेदी-विक्रीत काढली. वेताळटेकडीताई, तुमची व्याख्या बरोबर आहे. पण एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगतच नाही, आणि पुढे तीच त्रास देते: रोख्याची किंमत रोज हलते.

उदाहरण घेऊ. १००० रुपये दर्शनी किंमत, ७ टक्के कूपन, १० वर्षं मुदत. वर्षाला ७० रुपये मिळणार, शेवटी १००० परत. तुम्ही घेतला आणि महिन्याभरात बाजारातले दर ८ टक्के झाले. आता नवीन रोखा ८० रुपये देतोय, मग तुमचा ७० वाला कुणी १००० ला का घेईल? तो साधारण ९३३ ला विकला जाईल. त्या भावाला घेणाऱ्याला ७० रुपयांचं कूपन आणि शेवटी १००० मिळून बरोबर ८ टक्के पडतात. हे पडणारे टक्के म्हणजे यील्ड. उलट दर ६ टक्क्यांवर आले तर तोच रोखा १०७४ च्या आसपास जातो. दर वर गेले की किंमत खाली, दर खाली आले की किंमत वर. अगदी रहाटासारखं, एक पोहरा खाली गेला की दुसरा वर येतो.

मुदत जितकी लांब तितका झोका मोठा. वरच्याच उदाहरणात दर ८ झाले तर २ वर्षांचा रोखा ९८२ ला राहील, ३० वर्षांचा ८८७ पर्यंत घसरेल. सरकारी रोखा आहे, बुडणार नाही म्हणून लोक ३० वर्षांचा घेतात. मुद्दल खरंच बुडत नाही, पण मधेच दवाखान्यासाठी विकायची वेळ आली तर ११ टक्के तोटा खिशातून जातो. मोठमोठे यात फसलेत. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, तिच्याकडे लांब मुदतीचे रोखे होते. दर चढले, किमती पडल्या, त्यात ठेवीदार पैसे काढायला धावले आणि बँकेला तोट्यात रोखे विकावे लागले. रोख्यांतला एकही पैसा देणेकऱ्याने बुडवला नव्हता. आपल्याकडेही मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. तेव्हा लांब मुदतीच्या रोखे फंडांतले लोक आम्हाला फोन करून विचारायचे की हे तर सुरक्षित होतं ना?

म्हणून मी प्रत्येकाला आधी हे विचारतो: हे पैसे तुम्हाला कोणत्या तारखेला लागणार आहेत? त्या तारखेच्या पुढची मुदत घेऊ नका. मुदतीपर्यंत धरून ठेवायचं असेल तर मधल्या किमतीकडे बघायची गरज राहत नाही.

वेताळटेकडी

नळस्टॉप, रहाटाची उपमा फार उपयोगी पडली. आईला तेवढ्याने समजलं, तिच्या माहेरी विहिरीवर रहाट होता. अनुष्टुपसर, ‘पणिनेव गावः’ लेकीच्या कार्डशीटवर मोठ्या अक्षरात गेलंय.

एक शंका. सरकारी रोख्याच्या नावातच ‘७.१० टक्के जीएस २०३४’ असं असतं, म्हणजे कूपन ७.१० आणि परतफेड २०३४ साली, बरोबर ना? आणि रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट खातं आपणच उघडलं तर दलाल लागत नाही, हे खरं का?

नळस्टॉप

दोन्ही बरोबर. रिटेल डायरेक्ट नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. खात्याला पैसे पडत नाहीत, किमान १०,००० रुपयांपासून घेता येतं. सरकारी रोख्यांचं व्याज दर सहा महिन्यांनी बँक खात्यात येतं. लिलाव साधारण शुक्रवारी असतात, राज्यांच्या रोख्यांचे मंगळवारी, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचे बुधवारी. बिलाला कूपन नसतं. ९,८३० ला घ्यायचं, ९१ दिवसांनी १०,००० मिळतात. वरचे १७० हेच व्याज, वर्षाच्या हिशोबाने ७ टक्क्यांना थोडं कमी पडतं.

पर्वतीपायथा

मी या विषयावर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

निवृत्तीच्या पैशांतले ६ लाख मी एका कंपनीच्या रोख्यांत घातले होते. नाव घेत नाही. घरी येऊन फॉर्म भरून नेणारा ओळखीचा होता. सरकारी रोख्यापेक्षा जवळपास अडीच टक्के जास्त व्याज आणि वर ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं, रेटिंग. पहिली दोन वर्षं १५ तारखेला पैसे यायचे, सौ. तेवढ्यासाठी सकाळीच पासबुक भरून आणायची. मग एका महिन्यात यंत्रातून पान कोरंच बाहेर आलं. तिला वाटलं शाई संपली असेल. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. ते कोरं पान माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

पुढे चार वर्षांनी वसुली होऊन थोडेफार परत आले. त्या काळात मी जे शिकलो ते ताईंच्या आईसाठी लिहितो. रेटिंग म्हणजे आजचं मत, हमी नाही. २०१८ साली आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली, तिच्या कागदांना काही महिने आधीपर्यंत ट्रिपल ए होतं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, रोख्याला तो नसतो. ‘सुरक्षित’ रोखा म्हणजे कंपनीची काही मालमत्ता त्यामागे तारण आहे एवढंच, आणि तारण विकून पैसे हातात यायला वर्षं जातात. जास्तीचे अडीच टक्के फुकट मिळत नव्हते, जोखीम घेण्याबद्दल ते मला मिळत होते. तेव्हा हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गोष्टींचं मला फार कळत नाही. पण फाफ्निरला कसा मारला ते नातवाने सांगितलं. सिगुर्ड नावाच्या वीराने त्याच्या पाण्यावर जायच्या वाटेत खड्डा खणला, त्यात बसला आणि वरून जाताना खालून तलवार घातली. वरून सगळं खवल्यांचं चिलखत, मऊ जागा फक्त पोटाची. कागद हातात घेतला की मी आता तीच जागा शोधतो. ही कंपनी पैसे कुठून देणार, आणि तिथून आले नाहीत तर कुठून?

हडपसरनाका

पर्वतीपायथा काका, तुमचं वाचून वाईट वाटलं. माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं, म्हणून लिहिलंत ते बरं केलंत.

धाग्याच्या मूळ मुद्द्याबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. गोष्टींत एक वीर असतो आणि तो ठार मारतो. कर्जाच्या व्यवहारात कुणी कुणाला मारत नाही, दोन्ही बाजूंनी वचन पाळायचं असतं. शिवाय चीनमध्ये ड्रॅगन पाऊस देणारा आहे, तिथे दुष्काळात त्याची पूजा करून पाणी मागतात. मग ‘जगभर ड्रॅगन अडवतो’ हे कसं म्हणायचं? चांगली उपमा सापडली की आपण तिच्यात सगळं कोंबतो, तसं होऊ नये.

पिंपळवाट

हडपसरनाका, चीनचं बरोबर आहे, पण पाण्याचा संबंध तिथेही सुटत नाही. पाणी देणाराही तोच, रोखणाराही तोच. तिथल्याच चौथ्या शतकातल्या एका संग्रहात ली जी नावाच्या मुलीची गोष्ट आहे. डोंगरातल्या महासर्पाला दर वर्षी एक मुलगी द्यावी लागायची, नऊ देऊन झाल्या होत्या. ली जी सहा बहिणींतली धाकटी, स्वतःहून तयार झाली. तिने चांगली तलवार आणि सापावर धावणारा कुत्रा मागून घेतला. गुहेच्या तोंडाशी मध घातलेल्या तांदळाच्या गोळ्यांचा ढीग ठेवला. साप खायला बाहेर आल्यावर कुत्रा सोडला आणि मागून तिने वार केले. आत जाऊन आधीच्या नऊ मुलींच्या कवट्या बाहेर आणल्या. राजपुत्राची वाट बघत बसलेली राजकन्या नाही ही. मला सगळ्या गोष्टींत हीच जवळची वाटते.

जपानमधल्या सुसानोओ देवानेही आठ तोंडांच्या ओरोची सर्पाला आठ पिंपांत दारू पाजून मारलं. तिथेही आठ मुलींपैकी सात आधीच गेलेल्या. आपल्याकडे एकचक्रानगरीत बकासुराला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. दर वेळी गाव हप्ता भरत राहतं आणि मुद्दल कधी फिटतच नाही. हप्त्याला शेवटची तारीख नसणं हीच खरी भीती आहे. रोख्यांतही अंत नसलेले असतात ना? बँकांचे एटी-१ रोखे? मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे असे रोखे एका फटक्यात शून्य झाले. त्यात अनेक निवृत्त माणसं होती.

मारण्याबद्दल म्हणाल तर आपल्याकडे कृष्णाने कालियाला मारलं कुठे? डोक्यावर नाचून त्याचा माज उतरवला आणि कुटुंबासह रमणक बेटावर पाठवून दिलं. यमुनेचं पाणी मोकळं झालं, सापही जगला. उद्या नागपंचमी. आमच्याकडे उद्या चिरायचं नाही, तळायचं नाही, पुरणाची दिंडं उकडायची. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्लं मेली, तिने घर संपवलं, मग लेकीची भक्ती बघून सगळ्यांना जिवंत केलं ही कहाणी आजही आजी वाचेल. आपल्या मुलुखात सापाशी तहाचीच गोष्ट जास्त जवळची आहे.

मुठाकाठ

पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, त्यामुळे पाणी अडवण्या-सोडण्यावर थोडं बोलतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं. माझे वडील शनिवार पेठेत राहायचे. जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, चुना लावला तरी पावसाळ्यात ओल धरून पुन्हा उमटायची. लहानपणी मी त्या रेघेला डोकं लावून उंची मोजायचो. तिच्यावर पोचलो तेव्हा आठवीत होतो. म्हणून इंद्राने वृत्राला फोडून पाणी सोडलं हे वाचताना मला आनंदाबरोबर धाकही वाटतो. एकदम सुटलेल्या पाण्याने पेठा वाहून नेल्या.

धरणाचं काम नुसतं अडवणं नाही आणि नुसतं सोडणंही नाही. खडकवासल्यातून कालव्याला आवर्तनं देतात, रब्बीचं इतकं, उन्हाळी इतकं, तारखा आधी ठरलेल्या. चार धरणांचं मिळून पाणी पुण्याने वर्षभर प्यायचं, दौंड-इंदापूरपर्यंत शेतीला द्यायचं आणि पुढचा पाऊस लांबला तर थोडं मागे ठेवायचं. ताई, तुमच्या आईच्या पैशाला हेच हवं. आवर्तन.

रोख्यांचा आणि पाण्याचा संबंध उपमेपुरता नाही. १९९८ साली अहमदाबाद महापालिकेने १०० कोटींचे रोखे काढले ते पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी. आपल्या पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के, १० वर्षांचे, चोवीस तास पाणी योजनेसाठी, आणि त्यांची नोंदणी मुंबई शेअर बाजारात झाली. कुणाचे तरी पडून असलेले पैसे जलवाहिनीत गेले.

आणि पिंपळवाट, अंत नसलेले सगळेच रोखे वाईट नसतात. १६४८ साली हॉलंडमध्ये लेक नदीच्या बांधाची देखभाल करणाऱ्या पाणीमंडळाने बकऱ्याच्या कातड्यावर एक रोखा लिहून दिला, १००० गिल्डरचा, कायमचं व्याज देण्याचा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने तो २००३ मध्ये विकत घेतला. २०१५ मध्ये त्यांचा माणूस तो घेऊन हॉलंडला गेला आणि १२ वर्षांचं थकलेलं व्याज, १३६ युरो, घेऊन आला. रक्कम मामुली आहे. पण बांध अजून आहे, मंडळ बदलत बदलत अजून चालू आहे आणि वचन अजून पाळलं जातंय. आमच्या खात्यातल्या माणसाला याचं काय वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही.

हडपसरनाका

मुठाकाठ काका, आवर्तनाने माझा आक्षेप बराच विरघळला. कातड्यावरच्या रोख्याची माहिती नव्हती, लेकाला सांगितली.

नळस्टॉप

आवर्तन हा शब्द मी आता कामावरही वापरणार. आम्ही त्याला लॅडर, म्हणजे शिडी, म्हणतो. समजा १० लाख आहेत. २-२ लाखांचे पाच भाग करायचे, एक वर्षाने फिटणारा, दोन, तीन, चार आणि पाच. दर वर्षी एक फिटतो. पैसे लागले तर वापरायचे, नाही लागले तर पुन्हा पाच वर्षांच्या रोख्यात टाकायचे. दर चढले असले तर नव्या रोख्याला जास्त मिळतं, उतरले असले तर उरलेले चार जुन्या दराने चालूच असतात. सगळे पैसे एकाच दिवशी हातात येऊन, आता काय करू, असं होत नाही.

ही शेवटची अवस्था फार कमी लोक लक्षात घेतात. पैसे सुखरूप परत येतात आणि दर पडलेले असतात. ७ टक्क्यांवर घर चालत होतं, आता ५.५ मिळतायत. याला पुनर्गुंतवणुकीची जोखीम म्हणतात.

ताई, आईंसाठी माझं मत असं. आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला येतं. तो रोखा नाही, पण त्यांच्या गरजेला तोच पहिला. मग रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे. मुदत ७ वर्षं, व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला, दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त आणि त्याच्याबरोबर बदलणारा. जुलै २०२३ पासून तो ८.०५ टक्के होता. हे बाजारात विकता येत नाहीत, तारण ठेवता येत नाहीत. वयाची साठी ओलांडलेल्यांनाच मुदतीआधी काढता येतात, तेही ठरावीक वर्षांनंतर: ६० ते ७० वयाला ६ वर्षं, ७० ते ८० ला ५, त्यापुढे ४. उरलेलं सरकारी रोख्यांच्या आवर्तनात. व्याज सगळ्यांवर त्यांच्या करपातळीप्रमाणे करपात्र आहे, ते हिशोबात धरा. आणि महागाई विसरू नका. ती ६ टक्के राहिली तर साधारण १२ वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. सगळं रोख्यांतच ठेवलं तर तिकडून हळूहळू झीज होते, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर थोडे समभाग असणं बरं.

अनुष्टुप

नळस्टॉप, पैसे सुखरूप परत आल्यानंतरच्या या चिंतेचं वर्णन सूक्तात आहे! चौदाव्या ऋचेत कवी इंद्राला विचारतो, वृत्राला मारल्यावर तुझ्या मनात भीती शिरली, तू कोणाला पाहिलंस रे, की घाबरलेल्या ससाण्यासारखा नव्याण्णव नद्या ओलांडून गेलास? विजयाच्या सूक्तात, विजय झाल्यानंतर, हा प्रश्न. भाष्यकारांनी त्याची निरनिराळी उत्तरं दिली आहेत, मी मुलांना दर वर्षी तो तसाच मोकळा सोडायचो.

वेताळटेकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण आईबरोबर दोन दिवस बँकेत जात होते.

काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. मुदत उलटलेल्या चारही ठेवी मोडल्या. ज्येष्ठ नागरिक योजनेत एक भाग गेला. बदलत्या दराचे रोखे कमी घेतले, कारण आई ७१ वर्षांची आहे आणि ५ वर्षं ते पैसे अडकणार. उरलेल्यासाठी रिटेल डायरेक्ट खातं उघडलंय, पाच पायऱ्या करायच्या आहेत. कंपनीचा एकही रोखा घेतला नाही. पर्वतीपायथा काका, तुमच्या सौ.च्या पासबुकाचं आईला वाचून दाखवलं, त्यावर ती लगेच म्हणाली, ते नको.

फॉर्म भरताना वारस म्हणून कुणाचं नाव, असं तिथल्या मुलाने विचारलं तेव्हा आई बराच वेळ गप्प राहिली. बाबांच्या प्रत्येक पावतीवर तिचं नाव होतं. आता तिच्या कागदावर कुणाचं, हे तिने ठरवलंच नव्हतं. मग माझं आणि भावाचं अर्धं-अर्धं लिहायला सांगितलं आणि सही करताना पेन दोनदा उचललं.

घरी येताना रिक्षात मी तिला आजीच्या हंड्याचं आणि नागाचं विचारलं. तिने सांगितलं की वाडा पाडला तेव्हा बाबा मुद्दाम तिथे जाऊन उभे राहिले होते. माजघराचा कोपरा खणला, हंडा निघाला नाही. निघाले ते खापराच्या नळाचे तुकडे, कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी शहरात पाणी आणलं त्या काळचे असावेत, असं मुकादम म्हणाला. बाबांनी एक तुकडा उचलून आणला होता. तो इतकी वर्षं तुळशीच्या कुंडीखाली होता आणि मला तो साधा खापराचा तुकडाच वाटायचा.

तो धुऊन घेतला. एका कडेला बोटाच्या ठशासारखं काहीतरी आहे, भाजायच्या आधी कुंभाराचं बोट लागलं असणार. लेक म्हणते प्रकल्पात ठेवायचा. शुक्रवारचा लिलाव आहे, पहिल्या पायरीसाठी गुरुवारी संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात हवेत ना, नळस्टॉप?